एक्केचाळिसावं माणूस

"लिही," हे म्हणाले. "'ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं भल्याभल्यांची पारडी थरथरत, ज्याच्या नजरेतून गुंजभर खोटसुद्धा कधी सुटली नाही, आणि ज्याची बुद्धी...' बुद्धीला कोणता शब्द लावू गं?"

"शब्द राहू दे, तेल लावा."

"'तल्लख' लिही. 'ज्याची तल्लख बुद्धी निवृत्तीनंतरही समाजाच्या सेवेत अखंड रुजू आहे, असा तो थोर गुप्तहेर त्या सकाळी आरामखुर्चीत विचारमग्न बसला होता.'"

त्या सकाळी हे आरामखुर्चीत बसून दुसरा पायमोजा शोधत होते. दोन्ही मोजे त्यांनी एकाच पायात, एकावर एक चढवले होते. पण मी 'विचारमग्न' असंच लिहिलं. सांगितलं तेवढंच लिहायचं, हे मदतनिसाचं काम. हे पद मी मागितलं नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी लग्न केलं, त्यात ते बाकीच्या सामानाबरोबर आलं.

आता खरं सांगते. आमचे हे एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचा, वजनांवर शिक्का मारायचा आणि चहा पिऊन परत यायचं. त्यांनी पकडलेला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे एक साखरवाला. त्याच्या तराजूखाली लोहचुंबक होतं. ते सापडलं कसं, तर ह्यांच्या हातातल्या किल्ल्या त्याला जाऊन चिकटल्या. निघता निघेनात, म्हणून किल्ल्यांसकट सगळा तराजूच कचेरीत उचलून आणावा लागला. त्या दिवसापासून ह्यांचं ठाम मत आहे की निरीक्षक काय आणि गुप्तहेर काय, फरक फक्त टोपीचा. निवृत्त झाल्यावर टोपीही आणली. दारावर पाटी लावली, 'गुप्त तपास केंद्र', आणि लोकांना सापडावं म्हणून खाली बाण काढला. चार वर्षांत दोन माणसं आत आली. दोघंही विजेचं मीटर बघायला आली होती.

तर ही केस. आमची लेक सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, आणि होणारे जावई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. दोघांनी ठरवलं की लग्न वाचनालयाच्या वाचनकक्षातच करायचं, रविवारी, वाचनालय बंद असतं तेव्हा. नोंदणी अधिकारी येणार, सह्या होणार, मग जेवण. वाचनकक्षात खुर्च्या चाळीस, म्हणून माणसंही चाळीस. वीस त्यांच्याकडची, वीस आपली.

"चाळीसच?" ह्यांनी विचारलं.

"चाळीसच," लेक म्हणाली. "चुलतबहिणीच्या लग्नात सहाशे होती, बाबा. सहा तास ती उभी राहून येईल त्याच्याकडे बघून हसत होती. शेवटी एका काकांना तिनं विचारलं, आपण कोणाकडचे? ते म्हणाले, मी शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचा, पण इथली जेवणाची रांग छोटी दिसली. मला तसं नको. जी माणसं नसतील तर मला चुकल्याचुकल्यासारखं होईल, तेवढीच हवीत."

मग तिनं अट घातली. एक्केचाळिसावं माणूस निघालं, तर ती दोघं सरळ नोंदणी कचेरीत जाणार, रस्त्यावरून तीन साक्षीदार पकडणार आणि आम्हाला फोटो पाठवणार. आमची लेक तोंडातून शब्द काढते तो पाळण्यासाठी. हा गुण तिनं माझ्याकडून घेतला.

हे उठून उभे राहिले. "यादी माझ्याकडे सोपव. शिक्का मारून देतो."

तिनं सोपवली. पोरगी हुशार आहे हो, पण बापाच्या बाबतीत मुली जरा भोळ्याच असतात.

ह्यांनी चाळीस कार्डं छापून आणली. प्रत्येकावर आकडा आणि नाव. कार्ड नाही तर आत प्रवेश नाही. एकवीस ते चाळीस विहीणबाईंकडे पोचती केली आणि आपल्या विसांची यादी कपाटात कुलूपबंद केली. किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगली. तिला चिठ्ठी बांधली, 'गुप्त किल्ली'.

मी कपाट पुसायला घेतलं तेव्हा यादी वाचली. चोरून वगैरे नाही, धूळ झटकायला उघडं केलं आणि वाचली. एक नंबर, 'वधूपिता'. दोन नंबर, 'गुप्तहेर (बंदोबस्त)'. तीन नंबरला वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मग माझा भाऊ, ह्यांचे जुने साहेब, साहेबांच्या मिसेस असं करत करत वीस नंबरला साखरवाला. तोच, लोहचुंबकाचा. आता जुनी ओळख झाली आहे म्हणे.

मी नव्हते.

पुन्हा वाचली. 'वधूमाता' शोधलं, 'आई' शोधलं, 'सौ.' शोधलं, गेलाबाजार 'घरचे एक' तरी असेल म्हणून तेही शोधलं. कागद उलटा केला. मागं ह्यांच्या बुटाचं माप लिहिलेलं होतं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, उगाच हसण्यावारी नेत नाही. हातात फडकं घेऊन मी तिथंच जमिनीवर बसले. पोटच्या पोरीचं लग्न. तिच्या तापात मी रात्ररात्र जागले, तिच्या परीक्षांना मी पहाटे उठून चहा केला. आणि खुर्ची साखरवाल्याला!

सरळ जाऊन सांगता आलं असतं, अहो, माझं नाव राहिलं. पण लेकीच्या लग्नात आईनं जागा मागून घ्यायची का? माझा हट्टी स्वभाव आडवा आला. म्हटलं, ह्यांच्या नजरेतून गुंजभर खोट सुटत नाही ना? मग बायको सुटलेली दिसते का, बघूच.

मी कांदे चिरत होते ते तसेच सोडले. किराणाची एक जुनी यादी घेतली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या, कात्रीनं कापली आणि खाली जाऊन आमच्याच पत्रपेटीत टाकली. मग पाच मिनिटांनी मीच ती वर आणली.

"अहो, चिठ्ठी आलीय."

ह्यांनी मोठ्यांदा वाचली. "'तुमच्या यादीत नसलेलं एक माणूस लग्नाला येणार आहे. आल्याशिवाय राहणार नाही. कोण, ते ओळखून दाखवा.'" ह्यांचे डोळे चमकले. नातवंड झाल्याची तार आली असती तरी इतका आनंद झाला नसता. "टोपी आण!"

टोपी चढवून ह्यांनी खात्यातून निरोपाची भेट मिळालेला स्प्रिंगचा काटा काढला आणि चिठ्ठी त्याच्या हुकाला अडकवली. काटा हलला नाही.

"बघितलंस? अजिबात वजन नाही. म्हणजे लिहिणारा हलका. म्हणजे अंगानं बारीक. लिही, बारीक अंगाचा पुरुष."

"पुरुष कशावरून?"

"अक्षर बघ किती ठाम आहे. बाईमाणसाचं असं नसतं."

मी लिहून घेतलं. त्याच ठाम अक्षरात. ह्यांनी होणाऱ्या जावयांनी दिलेलं भिंग डोळ्याला लावलं, चिठ्ठी नाकाला लावली आणि घळाघळा पाणी काढलं. "कांदा! गुन्हेगाराचा स्वयंपाकाशी संबंध आहे. आणि कागद बघ, कसा सरळ कापलाय. मागं काय लिहिलंय? 'साबण, काड्यापेटी, दोरा.' अगं, ही तर सांकेतिक भाषा! साबण म्हणजे पुरावा धुऊन टाकणार. काड्यापेटी म्हणजे उरलेला जाळणार. दोरा म्हणजे..."

"दोरा म्हणजे तुमच्या शर्टाचं बटण लावायचं राहिलंय."

"मध्ये बोलू नकोस. लिही, दोरा म्हणजे गळफास."

"अक्षर कुठं पाहिल्यासारखं वाटत नाही?" मी विचारलं.

ह्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. "जन्मात पाहिलं नाही," म्हणाले. त्या वेळी ह्यांच्या शर्टाच्या खिशात संध्याकाळच्या बाजाराची यादी होती. ती मी सकाळी लिहून दिली होती.

कांद्यावरून पहिला संशय गेला केटररवर. आम्ही त्याच्या भटारखान्यात गेलो. तो चांगला दरवाजाएवढा रुंद निघाला.

"हा तर जाड आहे हो," मी हळूच म्हटलं.

"वेषांतर," हे पुटपुटले आणि पुढं झाले. "रविवारी वाचनालयात येणार आहात?"

"येणारच की साहेब. नाहीतर जेवण कोण आणणार?"

"लिही, गुन्हा कबूल. यादीत आपलं नाव नाही, हे ठाऊक आहे?"

केटररचा हात थांबला. "नाव घालायला तुम्ही स्वतः आलात? साहेब, वीस वर्षं लोकांच्या लग्नात वाढतोय. पाहुणा म्हणून आजपर्यंत एकानं बोलावलं नाही." त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. "येतो साहेब. बायको, दोन्ही भाऊ, आम्ही चौघं येतो."

असे झाले चव्वेचाळीस. ह्यांना 'नाही' म्हणायला तोंड उघडता येईना, आणि मला म्हणवेना. यादीत नसलेल्या माणसाचं दुःख मला त्या आठवड्यात जरा जास्तच कळत होतं.

दुसरा संशय कोपऱ्यावरच्या टेलरवर, कारण कागद सरळ कापला होता.

"आमच्या मुलीच्या लग्नाबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?" ह्यांनी दरडावलं.

"काहीच नाही हो," टेलर तोंडातली टाचणी काढत म्हणाला.

"नसणारच! अत्यंत गुप्त आहे. रविवारी अकरा वाजता, वाचनालयात, फक्त अगदी जवळची माणसं."

टेलरनं विचार केला. "गुप्त आहे, आणि मला सांगितलंत. म्हणजे मी जवळचाच झालो." त्यानं आत बघून हाक मारली, "अगं, रविवारी लग्नाला जायचंय! पोरांनाही घेऊ!"

ती पाच. एकोणपन्नास. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

"आता लक्षात आलं," घरी येताना हे म्हणाले. "दोघेही प्यादी आहेत. सूत्रधार घरातलाच आहे."

माझा पाय जिन्यावर अडखळला. "घरातला?"

"अगदी जवळचा. रोज डोळ्यांसमोर असून न दिसलेला. लिही!"

जिन्यातच थांबून मी लिहिलं. क्षणभर वाटलं, सुचलं वाटतं ह्यांना. एवढ्यात हे म्हणाले, "आपली ताई!"

वन्संचं नाव यादीत होतं, पण एकटीचं, आणि त्यावरून त्या आधीच फुरंगटलेल्या. आम्ही त्यांच्या बैठकीत जाऊन बसलो. ह्यांनी केटररचा आणि टेलरचा जबाब वाचून दाखवला आणि एकदम विचारलं, "ताई, कोणाला घुसवायचा डाव आहे तुझा?"

"अस्सं! म्हणजे केटरर बायकोला घेऊन येणार, टेलर पोरं घेऊन येणार, आणि माझ्या सासरच्यांना खुर्ची नाही? माझे दीर-जावा काय वाटेवर पडलेत? नऊजणं येतील. घाल तुझ्या यादीत!"

अठ्ठावन्न. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. आमच्या व्याह्यांनी बिचाऱ्यांनी मोजून वीस माणसं दिली होती. घोडी आम्हीच घरोघर फिरून गोळा करत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी लेक घरी आली. ती चिडली की आवाज चढवत नाही, उतरवते. वाचनालयातली सवय.

"बाबा, अठ्ठावन्न?"

"ती संशयितांसकट संख्या आहे."

"त्या केटररनं जेवण वाढवू का म्हणून मला विचारलं. वर म्हणाला, वाढणारे आम्ही नाही हं ताई, आम्ही पाहुणे." तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. नोंदणी कचेरीचा फॉर्म होता, दोघांच्या सह्यांसकट. "उद्या संध्याकाळपर्यंत चाळीस झाले नाहीत, तर रविवारचं रद्द, सोमवारी आम्ही दोघंच कचेरीत जाऊ. आई, तू तरी समजाव ना गं ह्यांना."

मी काय समजावणार? आग मी लावली होती. एक खुर्ची मिळाली नाही म्हणून चिठ्ठी लिहिली, आणि आता सगळ्यांच्याच खुर्च्या जायची वेळ आली. लेकीचं लग्न मी फोटोत बघणार होते, आणि तेही माझ्याच करणीनं. लेक जाताना दारात माझा हात धरून उभी राहिली. मी ठरवलं, उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, मग कोणाला काय हसायचं ते हसू दे.

पण ह्यांनी त्याआधीच टोपी चढवली होती. "उद्या दुपारी सगळ्या संशयितांना वाचनकक्षात हजर कर. गुन्हेगाराचा बुरखा मी चारचौघांत फाडणार."

चारचौघं कसली, शनिवारी अठराच्या अठरा आले. केटररचे चार, टेलरचे पाच, वन्संच्या सासरचे नऊ. वन्सं वेगळ्या. लेक आणि होणारे जावई खिडकीशी खुर्च्या मांडत होते. विहीणबाईही आल्या होत्या, जागा बघायला. विहीणबाई बसमध्ये कंडक्टर होत्या, तीस वर्षं. अजून उभ्या राहिल्या की एक हात वर जातो, वर दांडा नसला तरी.

मी वही घेऊन सगळ्यात मागं, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी राहिले. बोलायचं होतं, पण ह्यांनी टेबलावर काटा आपटून सुरुवात केलीसुद्धा.

"मित्रहो! इथं जमलेल्यांपैकी एक जण चोर आहे. लग्नात बिनकार्डाचं माणूस घुसवायचा हा कट आहे. केटरर! चिठ्ठीला कांद्याचा वास येतो. ताटं वाढली की काम वाढतं, म्हणून तू..."

"अहो साहेब," केटरर उठला. "कांदा चिरताना मला नाक पुसायला सवड नसते, चिठ्ठ्या कुठल्या लिहू? पाहुणा म्हणून बोलावलंत आणि चोर म्हणता? उद्या जेवण पाठवतो, कारण शब्द दिलाय. पण मी तुमच्या पंगतीला बसत नाही." चौघंही तरातरा निघून गेली.

हे अडखळले नाहीत. "पळून गेला, म्हणजे साथीदार होता! मुख्य हात दुसराच. टेलर! कागद इतका सरळ कोण कापतं?"

"मी एकदाच खोटं बोललोय तुमच्याशी," टेलर म्हणाला. "कोटाचं माप घेताना तुमचं पोट दोन इंच कमी सांगितलं. वाईट वाटू नये म्हणून. चला रे पोरांनो." आणखी पाच गेली.

"राहता राहिली ताई," हे म्हणाले, "आणि तिची ही नऊ माणसांची टोळी!"

'टोळी' म्हटल्यावर वन्संचे मोठे दीर उठले. छत्री घेतली आणि चालू लागले, मागोमाग सगळी जण. वन्सं मात्र पुढं येऊन भावासमोर उभ्या राहिल्या. "लहानपणी तुझं नाक पुसलं मी. पुसायला नको होतं. मी उद्या येणार, माझ्याकडे कार्ड आहे. पण भाचीसाठी येणार, तुझ्यासाठी नाही."

वाचनकक्ष रिकामा झाला. जावयांनी बोटांवर हिशेब केला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अठरा गेले. चाळीस झाले."

लेक हसायलाच लागली. लग्नाला माणसं कमी करायचा एवढा साधा उपाय कोणालाच सुचला नव्हता, एकेकाला घरी जाऊन बोलवायचं आणि मग सगळ्यांसमोर चोर म्हणायचं. हे टोपी सावरत म्हणाले, "लिही, ठरल्याप्रमाणे कट उधळला. पण मुख्य गुन्हेगार, ते यादीत नसलेलं माणूस, अजून मोकळंच आहे."

"एवढंच ना?" विहीणबाई म्हणाल्या. "बिनतिकिटाचं माणूस शोधायचं तर तिकिटं बघायची. त्यात तपास कसला? हं, कार्ड बघू." त्यांनी वन्संचं बघितलं, तीन नंबर. स्वतःचं काढून दाखवलं, एकवीस. ह्यांनी खिशातून एक काढलं. मग दुसऱ्या खिशातून दुसरं. विहीणबाईंनी दोन्ही हातात ठेवून घेतली आणि मागं कपाटापाशी आल्या.

"विहीणबाई, तुमचं?"

"माझ्याकडे नाही," मी म्हटलं.

"घरी राहिलं?"

"मला दिलंच नाही."

वाचनकक्षात शांतता पाळायची पाटी आहे. ती कोणी एवढी कधीच पाळली नसेल.

"त्या माझ्या मदतनीस आहेत," हे म्हणाले.

"या नवरीच्या आई आहेत ना?"

"हो, म्हणजे तेच ते. अहो, घरच्या माणसाला कोण मोजतं? ती तर आहेच की!" ह्यांना अजून काही कळलं नव्हतं, त्यामुळे ते समजावून सांगायला लागले. "तेलाचं वजन करताना आधी रिकाम्या भांड्याचं वजन वजा करतात. खात्याचा नियमच आहे. भांडं धरायचं नसतं."

"बाबा, यादी बघू," लेक म्हणाली. आवाज अगदी उतरला होता. तिनं वाचली. "एक, वधूपिता. दोन, गुप्तहेर. हे दोन्ही तुम्हीच?"

"कामं वेगळी आहेत."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," वन्सं म्हणाल्या. "आठ दिवस जिला वही घेऊन फिरवलंस तीच ती, मेल्या!"

मी वही मिटली. कबुलीजबाब पाठ केला होता, त्यातलं एक अक्षर आठवेना. "भांडं रिकामं नव्हतं हो," मी म्हटलं. "बत्तीस वर्षं वजा करत आलात. एकदा झाकण उघडून बघायचं होतं."

पुढं बोलले असते तर रडले असते, म्हणून थांबले. ह्यांनी टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले, यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तराजूखालचं चुंबक सापडल्यावर साखरवाला असाच उभा होता, असं ह्यांनीच मला कितीदा सांगितलं आहे.

"म्हणजे माझा हिशेब," हे शेवटी म्हणाले, "एका माणसानं चुकला?"

"चुकला नाही," विहीणबाई म्हणाल्या. "स्वतःला दोनदा धरलंत आणि यांना एकदाही नाही. डोकी चाळीसच आहेत." त्यांनी लेकीकडून पेन घेतलं, एक नंबरच्या कार्डावरचं 'वधूपिता' खोडलं, वर 'आई' लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. दोन नंबरचं ह्यांना परत केलं. "हे तुमचं. बंदोबस्त. दारात उभं राहायचं."

आणि रविवारी हे खरंच दारात उभे राहिले. एकेक कार्ड भिंगाखाली धरून तपासलं. साखरवाल्याच्या कार्डावर शिक्का आहे का, ते उलटंसुलटं करून बघितलं. नोंदणी अधिकाऱ्यांनाही अडवलं. त्यांच्याकडे कार्ड कुठून असणार? ते परतच निघाले होते, जावयांनी धावत जाऊन आणलं. मी आले तेव्हा ह्यांनी माझंही कार्ड मागितलं. मी दाखवलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि कार्ड परत देताना हात जरा जास्त वेळ तसाच पुढं राहिला.

मी पहिल्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसले. एकोणचाळीस खुर्च्या भरल्या. माझ्या शेजारची रिकामी. अधिकाऱ्यांनी वही उघडली, पण लेक पेन हातात घेईना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी उठून दाराशी गेले.

"चला आत."

"बंदोबस्त कोण बघणार?"

"चाळिसावी खुर्ची रिकामी आहे. तुम्ही नसलात तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होईल म्हणतेय."

ते आत आले. सह्यांच्या वेळी एवढे रडले की माझा रुमाल पुरला नाही, वन्संनी आपला दिला. नाक ज्याचं त्यानं पुसलं.

एवढं होऊनही चिठ्ठी कोणी लिहिली, ते कोणीच ह्यांना सांगितलं नाही. विहीणबाईंनी शनिवारीच ओळखलं होतं. जेवताना माझ्याकडे बघून त्यांनी एक डोळा मिटला. हे मात्र आठवडाभर चिठ्ठी घेऊन फिरत होते. परवा बाजारातून आले ते जिन्यातूनच हाका मारत. हातात ती चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात मी दिलेली किराणाची यादी.

"अगं, सापडलं! हे बघ, 'क' सारखाच. 'ळ' सारखाच. मात्रा तशाच तिरक्या!"

मी गॅस बंद केला. पदराआड काही नव्हतं आता लपवायला. म्हटलं, झालं, बत्तीस वर्षांनी का होईना, माझं अक्षर ह्यांच्या डोळ्यांना दिसलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्या नराधमानं तुझ्या अक्षराची हुबेहूब नक्कल केली आहे!" हे धापा टाकत म्हणाले. "म्हणजे त्याचा डोळा तुझ्यावर आहे. तुझ्या जिवाला धोका आहे. आजपासून तुला एकटीला कुठं जाऊ द्यायचं नाही. बाजार, बँक, लेकीचं घर, जिथं जाशील तिथं मी बरोबर. पिशव्या मी धरतो, तुझे हात मोकळे हवेत. नजरेआड होऊ देणार नाही तुला, सांगून ठेवतो!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. शर्टाचं बटण अजून लावायचं राहिलं होतं.

"लिहू का?" मी विचारलं.

"नको," हे म्हणाले. "वही माझ्याकडे दे. तू पुढं चाल."

मी वही दिली. चप्पल घातली आणि पुढं चालू लागले.